मेडल मरणाचं नव्हतं

सकाळपासून एकच फोटो तीन ग्रुपांवर फिरतोय. दुसऱ्या महायुद्धातलं मिलिटरी मेडल, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यपदक, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाचं. खाली ओळ : 'लढता लढता प्राण दिले म्हणून ब्रिटिशांनी गौरवलं.' खाली हात जोडलेल्यांची रांग. अरे, एकाने तरी मेडलची कड बघायची होती!

मिलिटरी मेडल त्या काळी मरणोत्तर देतच नसत. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक, मात्र मरणोत्तर देत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मशीनगनवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांचा क्रॉस गॅझेटात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, आला २ नोव्हेंबरला. फोटोतल्या जवानाची शिफारस मात्र तो जिवंत असतानाच्या कामगिरीची. मरण नंतरचं, कदाचित दुसऱ्याच टेकडीवरचं. दोन्ही एकत्र कालवून तुम्ही त्याचा तो खरा पराक्रमच पुसून टाकलात.

गॅझेटात कारण शोधू नका, तिथे बहुधा नुसतं नाव असतं. कारण असतं शिफारशीच्या फॉर्मवर, डब्ल्यू ३१२१. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत हे फॉर्म आहेत, ऑनलाइन शोधता येतात. नावाने शोधाल तर फसाल : कारकुनाने मराठी आडनाव इंग्रजीत कसं ठोकलंय ते देवच जाणे, कधी तर वडिलांचंच नाव आडनाव झालेलं. कडेवर कोरलेला नंबर टाका. फॉर्मवर 'इमिजिएट' आहे की 'पिरिऑडिक', ते आधी बघा. पहिलं असेल तर एका ठरावीक प्रसंगाचं, दुसरं असेल तर बऱ्याच काळाच्या कामाचं. मग एकच धडाकेबाज रात्र शोधण्यात अर्थ नाही.

मृत्यूची तारीख वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत मिळते. पण बटालियनची वॉर डायरी, म्हणजे युद्धातली रोजची नोंदवही, उघडाल ती कामगिरीच्या तारखेची, मृत्यूच्या नव्हे. तिथे जवानाचं नाव क्वचितच दिसेल, साहेबांचीच नावं. कंपनी, ठिकाण, वेळ जुळवत बसावं लागतं.

आणि सोबतचे ते स्टार! १९३९-४५ स्टार, इटली स्टार हे त्या आघाडीवर ठरलेली सेवा केलेल्या सगळ्यांना. भारतीय जवानांच्या स्टारांवर मागे नाव कोरलेलं असतं, म्हणून ते शौर्यपदक होत नाही.

बरं, मान्य. घरात गणवेशातला एक फोटो आणि हे मेडल एवढंच उरलेलं असताना क्यूबिऊ कुणाला सुचणार? ज्या घरातून फोटो आलाय त्यांच्यावर राग नाहीच. पंधरा-वीस ओळींच्या त्या फॉर्मवर त्यांचा माणूस जिवंत आहे, काहीतरी करतोय, आणि साहेबाने ते बघून सही केलीय. ते त्यांना वाचायला मिळावं, एवढंच.

ज्यांच्याकडे मेडल आहे त्यांनी तिरप्या उजेडात कडेचे चारही बाजूंनी फोटो टाका. नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट तिथेच आहे. आणि कृपा करून त्याआधी ब्रासो लावू नका, घासून घासून नंबरच जातो.