गणपती अ‍ॅट १३१

आमच्या कॉलेजचा पासवर्ड ‘गणपती अ‍ॅट १२३’ होता. कुणाचा, असं विचारू नका. कॉलेजचा. गुण भरायचे, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचे, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर उघडायचं, सगळीकडे तोच बाप्पा. सांगलीत राहून दुसरं नाव सुचणार तरी कुठलं? पुढे दर नव्वद दिवसांनी ‘पासवर्ड बदला’ असा तगादा सुरू झाला, तेव्हा सगळ्यांनी एकमताने १२४ केला. मग १२५. दोन वर्षांत आम्ही १३१वर पोचलो. आकडा चुकू नये म्हणून भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला. जुना आकडा लाल शाईने खोडून शेजारी सही.

या तगाद्याचं मूळ २००३ सालात आहे. बिल बर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी तिथल्या सरकारी संस्थेसाठी नियमावली लिहिली: चिन्हं घाला, आकडे घाला, दर थोड्या दिवसांनी बदला. २०१७ साली त्यांनीच ‘चुकलं माझं’ म्हणून कबुली दिली. पण ती कबुली आमच्या भाऊसाहेबांच्या काचेखाली काही पोचली नाही.

मग एका दुपारी कॉमर्सच्या सरांच्या ईमेलवरून अख्ख्या स्टाफला पत्र गेलं: ‘मनालीत अडकलोय, दहा हजार पाठवा.’ सर त्या वेळी कँटीनमध्ये भडंग खात बसले होते. एकाने उलट टपाली कळवलं, ‘आधीचे दोन हजार राहिलेत.’ पैसे वाचले, पण प्राचार्यांनी मला बोलावलं. “तुम्ही कॉम्प्युटरवाले. काहीतरी करा. शनिवारी करा.”

मी पासवर्ड मॅनेजर आणायचं ठरवलं.

शनिवारी पडद्यावर तिजोरीचं चित्र टाकून मी सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणचा पासवर्ड वेगळा, लांबलचक, यंत्रानेच बनवलेला. तुम्ही लक्षात ठेवायचा फक्त एक, मास्टर पासवर्ड. त्याने तिजोरी उघडते. इतिहासाचे सर हरिपूरचे. ते मागून म्हणाले, “तिजोरी कसली, हे तर पेव!”

आणि खरंच, माझ्या तीस स्लाइडींपेक्षा ते एक वाक्य भारी पडलं. हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद कशी साठवायचे, हे सभागृहात निम्म्यांनी तरी ऐकलेलं. मी लगेच तो धागा उचलला. “हां, पेव कंपनीच्या जागेत, पण आतली हळद कंपनीलाही दिसत नाही. सगळं कुलूपबंद होऊनच तिकडे जातं. किल्ली तुमच्या डोक्यात.”

“पण २००५ला पेवांत पुराचं पाणी शिरलं होतं,” सर म्हणाले. “तसं झालं तर?”

झालंय तसं, हे मला सांगावं लागलं. २०२२ साली एका मोठ्या कंपनीतून चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या नकला नेल्या, आतले पासवर्ड मात्र बंदच्या बंद. ज्यांचा मास्टर पासवर्ड दणकट, त्यांच्या चोरांना कुलपाशी झटत बसावं लागतं. ज्यांचा ‘गणपती अ‍ॅट १३१’...

“आणि मास्टरच विसरला तर?” भाऊसाहेब.

“तर कंपनीलाही काढून देता येत नाही.”

अशी शांतता आमच्या सभागृहात श्रद्धांजलीलाही होत नाही. भाऊसाहेबांनी तोडगा काढला: सर्वांनी मास्टर पासवर्ड रजिस्टरात नोंदवावेत, सहीसह. मी हात जोडले. कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलात तर चालेल म्हणालो. “म्हणजे रजिस्टरच, पण घरी,” असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

आता दणकट पासवर्ड पाडायचा कसा? त्यासाठी मी तीन रात्री जागून १२९६ साध्या मराठी शब्दांची यादी केली होती आणि गणपती पेठेतून लुडोचे फासे आणले होते. एका वेळी चार फासे टाकायचे, पडलेल्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असं पाच वेळा. शक्यता होतात ३,६५६ लाख कोटींच्या वर. नेमके तेव्हाच प्राचार्य आत आले. समोर पाहतात तर सगळा प्राध्यापकवर्ग बाकांभोवती घोळके करून फासे टाकतोय आणि जिमखान्याचे सर ओरडताहेत, “सहा! सहा पड!”

फासे पडले, शब्द मिळाले, आणि खरा घोळ तिथून पुढे. टाइप करायचं इंग्रजी अक्षरांत. ‘चकली’त ए एक की दोन? ‘ओसरी’ला शेवटी आय की डबल ई? मराठीच्या मॅडम म्हणाल्या, याला काही नियम नाही. नियम नाही म्हटल्यावर प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारू लागला. विचारायचं तर शब्द सांगायला हवा. शिवाय शब्द इतके झकास पडले होते, की सांगितल्याशिवाय राहवेना. “माझं ऐका, ‘वांगं पालखी डबकं शिट्टी जावई’!” “अहो, मला दोनदा ‘म्हैस’ आली!” ग्रंथपालबाईंनी तर आपले पाचही शब्द चालीवर म्हणून दाखवले. मी ‘गुप्त, गुप्त’ म्हणून कोकलत होतो, पण कुणाला ऐकू जातंय?

तरी संध्याकाळपर्यंत एकवीस जणांची पेवं तयार झाली. उरलेल्यांनी ‘घरी मुलाला विचारून करतो’ म्हटलं. भाऊसाहेबांनी काचेखालचा कागद काढला, जरा वेळ हातात धरला आणि पाकिटात ठेवला. फेकायला देवाचं नाव होतं.

मी पडदा गुंडाळून निघालो. मामा सभागृहाला कुलूप लावत होते.

“सर, समद्यांत तुमचाच भारी बगा.”

“काय माझा?”

“लगाम चकली ओसरी घुबड पाचट. तुमी पडद्यावर लिवलावता न्हवं? त्यो डोळा उघडा ऱ्हायलाता.” मग किल्ली खिळ्याला अडकवत, काळजीनं: “फकस्त चकलीत ए दोन घातलेत बरं का, इसरू नगा.”