अहो, तो लसावि आहे!

२५२० चा तो मेसेज परत फिरतोय. या वेळी लातूरला भाचीच्या शिष्यवृत्तीच्या ग्रुपवर, आणि टाकला कुणी तर खुद्द सरांनी. मेसेज असा: १ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी जगात ही एकच संख्या; जगभरचे गणिती चक्रावले; शेवटी रामानुजननी गुपित उलगडलं की आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने = २५२०.

आधी ते 'एकच' बघू. २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०. दोन्हींना १ ते १० नं भाग जातो. २५२० चा पाढा म्हणाल तिथवर जातच राहतो. 'सर्वांत लहान' एवढं लिहिलं असतं तर भांडणच नव्हतं; तोच लसावि, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य: दिलेल्या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या. ती का सर्वांत लहान, हे पाचवीतलं पोरगंही काढतं. प्रत्येक मूळ संख्या जास्तीत जास्त किती वेळा लागते ते बघायचं: ८ साठी २ तीनदा, ९ साठी ३ दोनदा, ५ आणि ७ एकेकदा. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. ४ वेगळा घ्यायचा नाही, तो ८ च्या पोटात आहे. ६ आणि १० आपोआप येतात. पोरं चुकतात ती इथंच. १ पासून १० पर्यंत सरसकट गुणतात नि ३६,२८,८०० वर पोचतात. भाग त्यालाही जातो, पण लसाविच्या १,४४० पट! लसाविची रीत २० पर्यंत नेली की २३,२७,९२,५६० येतात. त्यावर कुणी मेसेज करत नाही, कारण त्यात कॅलेंडर बसत नाही.

गणिती चक्रावले म्हणे. लसाविची रीत ग्रीक गणिती युक्लिडनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय.

कॅलेंडरचं तर विचारूच नका. ३० × १२ = ३६०, म्हणजे ८ × ९ × ५. कमी होता तो ७, तो आठवड्यानं पुरवला. दिवसाला दिवसानं गुणून हाती काय येतं? मोंढ्यात ६० किलोचे ४२ कट्टे काट्यावर ठेवले तरी २५२० च भरतात.

रामानुजनांचं नाव मात्र अगदीच हवेतलं नाही, एवढं मानावं लागेल. आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांचा मोठा निबंध १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. २५२० त्यातलीच, विभाजक ४८. तिच्या आधीची १६८०, विभाजक ४०. नंतरची ५०४०, विभाजक ६०. यादी पार ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, तिचे विभाजक १०,०८०. मधली एक, २,९३,३१,८६,२५,६००, त्यांच्याकडूनही सुटली. आठवडा-महिना त्यात कुठंच नाही.

सर, ग्रुपवर टाकायचंच तर हे टाका: २ ते १० पैकी कशानंही भागलं तरी बाकी भाजकापेक्षा एकनं कमी उरते, अशी लहानात लहान संख्या कोणती? उत्तर २५१९. का, ते पोरांना सांगू द्या.