सातबारा तुमच्याच नावावर

कोकणात उतरलात की 'येवा, कोकण आपलाच असा' हे वाक्य पाट्यांवर, खानावळींच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर जागोजागी दिसेल. भोळी माणसं त्याचा अर्थ 'या, संकोच करू नका' एवढाच घेतात. तुम्ही तो महसुली घ्या. आपलाच म्हणजे आपलाच. इथल्या हातभर कुणग्याच्या, म्हणजे भातशेतीच्या छोट्या तुकड्याच्या, सातबाऱ्यावरही वीस-पंचवीस नावं सहज असतात, वारलेल्या चुलतआजोबांपासून लालबागच्या खोलीतल्या नातवापर्यंत. त्यात आणखी एक शिरलं तर कोणाच्या लक्षात येणार आहे?

मालकासारखं यायचं तर गाडी मोठी हवी. मोबाइलचा नकाशा ज्याला रस्ता म्हणतो ती पुष्कळदा पाणंद असते, दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा आणि मध्ये एक बैलजोडी जेमतेम जाईल एवढी जागा. खुशाल घाला. आरसे मिटावे लागतील, गडग्याचे चार दगड ढासळतील. ते परत रचताना हात जपून घालावा लागतो, कारण दगडांच्या फटी ही फुरशाची, म्हणजे छोट्या विषारी सापाची, आणि विंचवाची आवडती जागा, पण रचणारा माणूस काही तुम्ही नव्हे. पाणंद संपलीच तर मागे या आणि गाडी गावाच्या टोकाला, वडाखालच्या त्या ऐसपैस मोकळ्या जागेत लावा. ती जागा एसटी वळवायला ठेवलेली आहे. संध्याकाळची वस्तीची गाडी तिथे वळली नाही तर ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी फाट्यावरूनच परततो आणि शाळेची मुलं दोन-तीन किलोमीटर चालतात. चालणं प्रकृतीला चांगलं.

दिवस पावसाळ्यानंतरचे असतील तर आणखी उत्तम जागा म्हणजे घरासमोरचं खळं. ते इतकं गुळगुळीत का, असा प्रश्न पडू देऊ नका. पाऊस गेला की अंगणातलं तण काढतात, माती खणून सारखी करतात, पाणी मारून लाकडी चोपण्याने चोपतात, सुकत आली की पुन्हा चोपतात आणि मग शेणाने सारवतात. घरातल्या दोघा-तिघांच्या कमरेचे तीन-चार दिवस त्यात जातात. मेपर्यंत त्याच जमिनीवर भात झोडायचं, उकडलेलं भात वाळवायचं, सुपारी, मिरच्या, शेवटी आमसुलं. तुम्ही गाडी तिथे आणून जागच्या जागी स्टेअरिंग फिरवलंत की चाकाखालचा पापुद्रा फुटतो, खालची माती वर येते आणि पुढचे सहा महिने त्या घरच्या भातात खडे लागतात. आमसुलं वाळत असतील तर त्यांच्यावरूनच वळा. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, असं पाच-सात वेळा केल्यावर ती काळी होतात. टायरने त्या एका फेरीत होतात.

आता मुख्य आकर्षण, लावणी. जुलैत या. 'शेतीचा अनुभव' घेतल्याशिवाय परत जाणं बरं दिसत नाही.

एक गोष्ट आधी पक्की करा: आपण उतरतो आहोत त्या खाचरात त्या दिवशी खरोखरच काम चाललेलं असलं पाहिजे. मोकळं खाचर काय कामाचं? लावणी पैऱ्यावर चालते, म्हणजे आज यांच्याकडे सगळे, उद्या त्यांच्याकडे. पॉवर टिलर तासाच्या हिशेबाने भाड्याने आणलेला असतो. चिखलणी झाली की चिखल आवळण्याआधी रोपं आत गेली पाहिजेत. या घाईत तुम्ही अर्धा तास टिलर बंद ठेवायला लावलात, कारण आवाज व्हिडिओत येतो, तर त्या अर्ध्या तासाचं भाडं कोण देतो हे विचारू नका. बायकांना ओळीत उभं करा आणि दुःखाने म्हणा, "इरली कुठे गेली हो? हे प्लास्टिक फोटोत घाण दिसतं." बांबूच्या कांबट्यांचं आणि पानांचं इरलं पाठीवर कासवासारखं बसतं, दोन्ही हात मोकळे राहतात, वस्तू खरोखर गुणी आहे. पण ते विणणारे हात कमी झाले आणि प्लास्टिकचा कागद बाजारात स्वस्त मिळतो. तुमच्या फोटोसाठी एखादी आजी माळ्यावरून जुनं काढूनही देईल. ते घालून तुम्हीच उभे राहा.

मग लावा. तरव्यातून, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यातून, उपटलेली एकवीस ते पंचवीस दिवसांची रोपं जुड्या बांधून ठेवलेली असतात. जाणत्या बायका एका चुडात दोन-तीनच रोपं घेतात, दोन-तीन सेंटीमीटर खोल, सरळ टेकवतात आणि मागे मागे सरकत जातात, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. तुम्ही मूठभर घ्या, कोपरापर्यंत हात घाला आणि पुढे चाला. मूठभर रोपं एकमेकांचं अन्न खातात. खोल गेलेल्या रोपाची ताकद वर यायलाच खर्च होते, फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. ज्या खाचरात चारसूत्री पद्धतीची लावणी चालली आहे तिथे तर तुमचं योगदान अधिकच मोलाचं. तिथे दोरीने अंतर धरून चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅमची एक खताची गोळी खोचतात. तुमचा चौकोन पंचकोनी झाला की गोळी कोणाच्या वाट्याची, हा प्रश्न रोपांनी आपसात सोडवायचा.

कोणी मालवणी बाई हसून "रवांदे गे बाय, रवांदे" म्हणाली तर ती कौतुक करते आहे असं समजा. 'राहू दे' असा त्याचा अर्थ होतो. तुम्ही पाय धुवायला गेलात की ती तुमची ओळ उपटून पुन्हा लावते. पाय, बरं का, घोट्याला जखम असतानाच चिखलात घाला. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळतं आणि लेप्टोस्पायरोसिस जखमेतून सहज शिरतो. चार-आठ दिवसांनी ताप आणि पोटऱ्यांत कळ आली की शहरातल्या डॉक्टरला शेतात गेल्याचं सांगू नका, त्यालाही थोडं डोकं चालवू दे.

परतताना खाचरातून नको, बांधावरूनच चाला, आणि जोडीने चाला. लावणीआधीच बांधाची डागडुजी करून त्यावर ओला चिखल लिंपलेला असतो, त्यातली खेकड्यांची आणि उंदरांची बिळं बुजवलेली असतात. दोन माणसांच्या वजनाने कड खचली की तिथून पाणी सुटतं, त्याच्याबरोबर खतही खालच्या कुणग्यात उतरतं. खालचा कुणगा बहुधा सख्ख्या चुलतभावाचा असतो आणि दोघांचं आधीपासूनच बोलणं नसतं. दाव्याला तुम्ही एक ताजं कारण पुरवलंत.

धबधब्यावर बाटली फोडायची पद्धत आहेच. तिचं पुढे काय होतं हेही कळलेलं बरं. धबधब्याचा व्हाळ, म्हणजे ओढा, होतो, व्हाळाचं पाणी पाटाने खाचरात येतं आणि पहिल्या मोठ्या पुरात काचाही येतात. चिखलात त्या दिसत नाहीत. लावणी अनवाणी होते.

भूक लागली असेल. जेवण आधी सांगून ठेवण्याची चूक करू नका, दुपारी अडीचला आठ जण एकदम ओटीवर जाऊन "काकू, घरगुती काहीतरी" म्हणा. जुलै असेल तर ताजी सुरमईच मागा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचे दिवस असतात, म्हणून तुमच्या ताटातली 'ताजी' सुरमई बर्फातून नुकतीच उठलेली असते. त्या दिवसांत खऱ्या ताज्या असतात रानभाज्या: टाकळा, भारंगी, फोडशी, शेवळं. त्यांना गवत म्हणा. शेवळाची मात्र एक जुडी घरी न्या आणि काकडाची फळं न घालता शिजवा. ती आंबट फळं घसा खाजू नये म्हणूनच घालतात, पण रेसिपीच्या व्हिडिओत एवढं कोण सांगतं?

मे महिन्याचं गणित वेगळं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा पाण्याला काय तोटा, असं म्हणत दोन वेळा शॉवर घ्या. जांभा चाळणीसारखा आहे, पाणी धरून ठेवत नाही. जून-जुलैत अंगावर कोसळलेलं बरंचसं समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जाऊन टँकरची वाट पाहतात. काकू पहाटे चारला उठून झऱ्याचं पाणी भरतात ते त्यांना झोप येत नाही म्हणून.

आंब्याबद्दल थोडक्यात. डिसेंबरात हापूस मागा, तेव्हा झाडावर नुसता मोहर असतो. एप्रिलमध्ये आलात तर दगड मारून पाडा. बागायतदार झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, देठासकट एकेक आंबा उतरवतात, कारण देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि साल काळी पडते. मार लागलेला आंबा अढीत सडतो आणि शेजारच्यांनाही सोबत नेतो. कोवळा तोडलेला तर पिकतच नाही, सुरकुततो. तुमचा तसा सुरकुतला तर हापूसची पूर्वीची चव राहिली नाही असं लिहून टाका. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तक्रारीलाही वजन येतं.

बागेत बसून सिगारेट ओढलीत तर थोटूक खाली, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, उतारावर फेका. फेब्रुवारीनंतर तिथलं गवत कापरासारखं पेटतं, वारा समुद्राकडून असतो आणि वणवा काजूच्या कलमांपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. पंधरा वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारीत मोकळी होतात. बागेभोवतीचं गवत आधीच काढून जाळरेषा मारलेली असते म्हणा, पण ती जमिनीवर असते, ठिणगी वरून जाते.

देवराईत चपला घालून जा आणि पडलेली एखादी सुंदर फांदी दिवाणखान्यासाठी आणा. तिथली काडीही गावकरी घरी नेत नाहीत, त्यामुळे साठा भरपूर. शिमग्यात गेलात तर पालखी खांद्यावर घ्या. कोणत्या वाडीने कधी, कोणत्या घराने कोणत्या बाजूने ती उचलायची हे ठरलेलं असतं आणि एवढ्याशा मानावरून पालखी वर्षानुवर्षं कुलपात राहिलेली गावं आहेत. तुमची रील तीस सेकंदांचीच तर आहे.

इतकं झाल्यावर गाव आवडणारच. मग चहा पिता पिता विचारा, "गुंठा कितीला जातो हो इकडे?" शेतकरी नसाल तर कूळकायदा शेतजमीन घेऊ देत नाही, पण 'आपलाच असा' वाचून आलेल्या माणसाला कायदा काय सांगायचा? कोणीतरी वाट काढून देतो. जमीन झाली की पहिल्यांदा लोखंडी गेट बसवा, बरोबर त्या पाणंदीवर, जिथून शंभर वर्षं गुरं व्हाळाला जात होती. गेटावर पाटी लावा: 'खाजगी मालमत्ता. आत येऊ नये.' आणि भिंतीवर आतल्या बाजूने, पाहुण्यांसाठी: 'येवा, कोकण आपलाच असा.'

एवढं करूनही गावात माणसंच फार वाटत असतील, गोठ्याचा वास, कोंबडे, पहाटेचा खोकला, तर मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची चौकशी करून ठेवा. तिथे काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. अख्खं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. घरं बंद, चुली थंड, रस्ते मोकळे, फोटोत कोणी मध्ये येत नाही. फक्त गाडी चिखलात रुतवायची असेल तर ती आधी वेशीबाहेर रुतवा, आत ओढायला कोणी सापडणार नाही.