‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या डब्लिनकरांना

डब्लिनकर साहेब,

उत्तर आयर्लंडमधल्या १९७६ च्या किंग्जमिल हत्याकांडावरच्या ‘मिनीबसमधले बारा जण’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना चहा गार झाला. दुसऱ्यांदा वाचताना बायकोने विचारलं, कोणाचा फोन आहे का, इतका कपाळाला आठ्या घालून का बसलायस. तिसऱ्यांदा उद्गारचिन्हं मोजली. अकरा भरली.

विषयाची ओळख नसलेल्यांसाठी आधी पात्रं. तीस वर्षांच्या या संघर्षात उत्तर आयर्लंड आयर्लंडमध्ये जावं म्हणून लढणारे, बहुतेक कॅथॉलिक, ते रिपब्लिकन; त्यांची मुख्य सशस्त्र संघटना आयआरए. ब्रिटनमध्येच राहावं म्हणणारे सशस्त्र प्रोटेस्टंट ते लॉयलिस्ट; यूव्हीएफ आणि यूडीए या त्यांच्या संघटना. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचं सार असं: ‘किंग्जमिल हा आदल्या दिवशी झालेल्या कॅथॉलिकांच्या खुनांचा बदला होता, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत! आयआरए सैन्याशी लढत होती, लॉयलिस्ट निव्वळ माणसं मारत होते, टक्केवारी बघा. दोघांना एका तागडीत तोलणं हा ब्लॅक टॅक्सीतून दोन तास फिरून आलेल्या पर्यटकाचा इतिहास झाला! पोलिसांच्या संगनमताबद्दल चकार शब्द नाही. मायामी शोबँडचं सालही चुकलंय. अभ्यास वाढवा!’ खाली ‘डब्लिनकर, नऊ वर्षं आयर्लंडवासी’ अशी सही.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. मायामी शोबँड या आयरिश वाद्यवृंदाच्या वादकांची गाडी बनावट लष्करी नाक्यावर अडवून तिघांना मारलं ते ३१ जुलै १९७५ ला. मी १९७६ लिहिलं होतं. चूक माझी. गाडीत बॉम्ब ठेवतानाच तो फुटला आणि ठेवणारे दोघे यूव्हीएफवाले तिथेच गेले, हे मी बरोबर लिहिलं होतं, पण बरोबर लिहिलेल्यावर प्रतिक्रिया कोण देतो म्हणा.

आता ‘अभ्यास वाढवा’. मराठी आंतरजालावर याहून स्वस्त सल्ला नाही. समोरच्याने काय वाचलंय ते माहीत नसताना, आपण काय वाचलंय ते न सांगता, दोन शब्दांत गुरुजी होता येतं. मी बावीस वर्षं मराठीत लिहितोय, पानिपतापासून पुरणपोळीपर्यंत कशावरही लिहिलं तरी हे दोन शब्द कुठून तरी येतातच. तुम्ही निदान वेगळं काही लिहाल असं वाटलं होतं.

आणि ती टॅक्सी! मी बेलफास्टला पर्यटक नव्हतो. २००८ ते २०११ अशी तीन वर्षं नोकरीसाठी ऑर्मो रोडला राहिलो, न्हाणीघराच्या छताला कायम बुरशी असलेल्या एका घरात. टॅक्सीची सहल एकदाच केली, तीही आईबाबा आले होते म्हणून. चालकाने सगळ्यांना देतात तसं आईच्या हातात मार्कर दिलं आणि म्हणाला, भिंतीवर काही लिहा. दोन वस्त्यांच्या मधली ती उंच भिंत, शांतता-भिंत म्हणतात तिला. तिच्यावर आईने ‘श्री’ काढला आणि विचारलं, ही पाडत का नाहीत रे? चालक म्हणाला, पाडू नका असं भिंतीलगत राहणारेच सांगतात. एवढंच काय ते माझं पर्यटन.

तुम्ही टॅक्सी टोमण्यासाठी वापरलीत, पण त्या टॅक्स्यांचीही गोष्ट आहे, तीही या विषयातलीच. सत्तरच्या दशकात दंगली पेटल्या की बसगाड्या पळवून रस्त्यात आडव्या लावायचे आणि पेटवून द्यायचे. बससेवा वरचेवर बंद पडायची. मग कॅथॉलिकांचा फॉल्स आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल या दोन्ही रस्त्यांवरच्या लोकांनी लंडनच्या जुन्या काळ्या टॅक्स्या आणून आपल्या शेअर रिक्षांसारख्या चालवल्या. अशाच एका काळ्या टॅक्सीतून १९७५ नंतर शँकिलमधली यूव्हीएफची एक टोळी रात्री फिरायची. म्होरक्या लेनी मर्फी. मध्यरात्र उलटल्यावर कॅथॉलिक वस्तीच्या दिशेने एकटा चाललेला माणूस गाठायचा, आत ओढायचा. पुढचं लिहीत नाही, खाटकाच्या सुऱ्या वापरत म्हणून त्यांना ‘शँकिल बुचर्स’ म्हणत, यावरून समजा. त्यांना नाव विचारायचीही गरज नव्हती. माणूस कोणत्या रस्त्याने घरी चाललाय त्यावरून त्याचा धर्म ठरायचा. अंदाज चुकायचाही, त्यांच्या हातून प्रोटेस्टंटसुद्धा मेले. फेब्रुवारी १९७९ मध्ये टोळीतल्या अकरा जणांना मिळून ४२ जन्मठेपा झाल्या. यातलं बरंचसं माझ्या लेखात होतं, डब्लिनकर. लॉयलिस्टांना मी कुठे झुकतं माप दिलं ते दाखवा.

तिथे धर्म ओळखायच्या तऱ्हा किती होत्या ते मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं. माझं आडनाव ‘ह’चं. फोनवर कुणाला तरी स्पेलिंग सांगताना मी शाळेत शिकवल्याप्रमाणे ‘एच’ म्हणालो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी खो खो हसत सुटला. म्हणाला, झालास की प्रोटेस्टंट! कॅथॉलिक मुलं तेच अक्षर ‘हेच’ म्हणतात. तो हसला कारण साल २००८ होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अंधाऱ्या गल्लीत हाच खेळ झाला असता तर हसायला कोणी उरलं नसतं.

आता तुमच्या त्या एका वाक्याकडे येतो. ‘बदला होता, हे एका ओळीत उरकलंत.’

नाही उरकलं. पण तुम्हाला हवंच असेल तर सविस्तर घ्या. ४ जानेवारी १९७६, रविवार संध्याकाळ. व्हाइटक्रॉसजवळ रेव्ही कुटुंबाच्या घरात बंदूकधारी शिरले. तिघे भाऊ टीव्ही बघत होते. दोघे जागीच गेले, तिसरा महिनाअखेरीस. त्याच सुमारास तिथून पंधराएक मैलांवर ओ’डाउड कुटुंबाच्या घरी पियानोभोवती गाणी चालली होती, तिथे तिघे मेले. सगळे कॅथॉलिक. मारेकरी यूव्हीएफचे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ग्लेनॅनची कापडगिरणी सुटली. कामगारांची मिनीबस बेसब्रूककडे निघाली. वाटेत व्हाइटक्रॉसला चार कॅथॉलिक उतरले. उरले बारा: अकरा प्रोटेस्टंट, एक कॅथॉलिक. किंग्जमिलजवळ अंधारात लष्करी वेशातल्या माणसाने टॉर्च हलवून गाडी थांबवली. सगळ्यांना खाली उतरवून बसला तोंड करून रांगेत उभं केलं आणि विचारलं, यात कॅथॉलिक कोण?

इथे मी लेखात थांबलो होतो, आताही थांबतो. कारण रांगेतल्या प्रोटेस्टंट माणसांना वाटलं, हे लॉयलिस्ट आहेत आणि आपल्यातल्या त्या एकट्याला उचलायला आलेत. म्हणून त्याच्या शेजारच्यांनी त्याचा हात धरून ठेवला. जाऊ नकोस, ओळख देऊ नकोस. पण बंदूकवाल्यांना तो ठाऊक असावा. त्याला बाजूला काढलं आणि सांगितलं, रस्त्याने खाली पळ, मागे बघू नकोस. मग उरलेल्या अकरा जणांवर मिनिटभरात १३६ गोळ्या. दहा मेले, एक अठरा गोळ्या अंगात घेऊन वाचला. आदल्या दिवशीच्या मुलांचे मृतदेह आणायला न्यूरीच्या हॉस्पिटलकडे निघालेलं रेव्ही कुटुंब त्याच रस्त्याने गेलं, आणि पुढ्यात ते रस्त्यावरचे देह.

जबाबदारी घेतली ती ‘साउथ आर्माघ रिपब्लिकन ॲक्शन फोर्स’ नावाने, कारण आयआरएची म्हणे युद्धबंदी होती. पोलिसांच्याच जुन्या प्रकरणांच्या पथकाने २०११ मध्ये सांगितलं की हे आयआरएचंच काम आणि माणसं धर्म बघून निवडली. २०२४ च्या एप्रिलमध्ये मृत्युचौकशीच्या न्यायाधीशानेही तेच म्हटलं. शिक्षा आजपर्यंत एकालाही नाही.

तर बदला. मला सांगा, कुणाचा? ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या गिरणी कामगारांनी रेव्हींच्या घरात बंदूक नेली होती? त्यांनी तर सोबतच्या कॅथॉलिकाचा हात सोडला नव्हता. ‘बदला’ हा शब्द तुम्ही वापरलात तसाच मारणाऱ्यांनीही वापरला होता, त्यांना त्याचा उपयोग होता. तुम्हाला कसला आहे?

ऑर्मो रोडला माझ्या रोजच्या बसच्या वाटेवर एक सट्ट्याचं दुकान होतं. ५ फेब्रुवारी १९९२ ला तिथे घोड्यांवर पैसे लावायला आलेल्या कॅथॉलिक गिऱ्हाइकांवर यूडीएने गोळीबार केला. पाच मेले, सर्वांत धाकटा १५ वर्षांचा. निवेदनात काय होतं? ‘टीबेन लक्षात ठेवा.’ टीबेनला तीन आठवड्यांपूर्वी आयआरएने लष्करी तळावर काम करून परतणाऱ्या मजुरांची व्हॅन उडवून आठ प्रोटेस्टंटांना मारलं होतं. तुमच्या हिशेबाने तोही बदलाच. मग ते दुकानही ‘संदर्भासहित’ वाचायचं का? की संदर्भ एकाच बाजूच्या खुनांना लागू होतो? मी तीन वर्षं सकाळी त्या दुकानाच्या पाटीवरून गेलो, डब्लिनकर. तुम्ही डब्लिनहून बेलफास्टला किती वेळा गेलात? ख्रिसमसच्या खरेदीला?

हा प्रश्न जरा खालच्या पातळीवरचा झाला, मान्य. पण ‘पर्यटक’ तुम्ही म्हणालात, मी नाही.

आणि बेलफास्ट राहू द्या. जानेवारी १९९३ मध्ये मी वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत राहत होतो, आठवीत. आमच्या जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी पाटी होती, निळ्या रंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने सोळा घरांची आडनावं. पंधरा एका प्रकारची, एक शेख. एका रात्री बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली गेले. मी टॉर्च धरला होता आणि टॉर्च हलतोय म्हणून त्यांचा ओरडा खाल्ला. चार स्क्रू काढून पाटी वर आणली, माझ्या पलंगाखाली सरकवली, आणि स्क्रू माझ्या कंपासपेटीत टाकले. ती पाटी पुढे वर्षभर तिथेच होती. पाय खाली सोडला की टाचेला लागायची. शेखकाकांनी कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. तेव्हाही वसाहतीच्या फाटकाबाहेर उभे असलेले ‘आम्ही फक्त उत्तर देतोय’ असंच म्हणत होते. त्यामुळे आदल्या दिवशी काय झालं होतं हे मला कुणी समजावायला येऊ नये. आदल्या दिवशी काहीतरी झालेलं असतंच.

बाकीचं थोडक्यात. टक्केवारीचा तुमचा मुद्दा आकड्यांपुरता बरोबर आहे. तीस वर्षांत गेलेल्या साडेतीन हजार माणसांपैकी निम्म्याहून थोडे जास्त सामान्य नागरिक. लॉयलिस्टांनी मारलेल्यांत नागरिकांचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास, रिपब्लिकनांच्या बाबतीत ३५ च्या. पण रिपब्लिकनांनी एकूण मारलेच दुप्पट, त्यामुळे त्या ३५ टक्क्यांतही सातशेहून जास्त नागरिक येतात. १९७२ च्या जुलैत बेलफास्टभर तासा-दीड तासात वीसेक बॉम्ब फुटले ते सैन्याशी लढताना? डिसेंबर १९७२ मध्ये दहा मुलांच्या विधवा आईला घरातून नेऊन मारून पुरलं, ती कुठल्या पलटणीत होती? तिचा देह २००३ मध्ये सापडला, समुद्रकिनाऱ्यावर. टक्केवारी काढा खुशाल.

पोलीस आणि यूडीआर, म्हणजे ब्रिटिश सैन्याची स्थानिक पलटण, यांच्या लॉयलिस्टांशी असलेल्या संगनमताबद्दल: ठाऊक आहे. ग्लेनॅन टोळी म्हणत त्या लॉयलिस्ट टोळीत वर्दीवाले होते, शोबँडच्या नाक्यावरही होते. बेलफास्टच्या मॅकगर्क्स बारमध्ये १५ जण मेले ते यूव्हीएफच्या बॉम्बने, आणि पोलीस सांगत राहिले की आयआरएचाच बॉम्ब आतल्या आत फुटला. पॅट फिनुकेन या वकिलाच्या खुनाबद्दल २०१२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. सगळं वाचलंय. पण माझा लेख बाराशे शब्दांचा होता आणि एका मिनीबसबद्दल होता. प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट येत नाही. रेव्हींच्या घरात शिरलेल्यांतही वर्दीवाले होते असा आरोप आहे, म्हणून तो संदर्भ हवाच होता, असं तुम्ही म्हणाल. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. आज नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त शेवटच्या ओळीतला एक शब्द झाकलाय, तो कोणता ते तुम्हाला माहीत आहे. पुढे बोलायचं असेल तर जरूर बोला, पण टोपणनावाआडून नको. ‘कर’ लावून कोणालाही काहीही होता येतं. नाव लिहा, आडनाव लिहा, मूळचे कुठले ते लिहा. समोर नक्की कोण आहे हे कळलं की मला बोलायला सोपं जातं.

मायामी शोबँडचं साल लेखात दुरुस्त केलंय. पान जुनंच दिसत असेल तर एकदा रिफ्रेश करा.