बूट फाटला तर ट्यूब गुंडाळा म्हणणारा तो मेसेज आणि आमचे मामा

गेले काही दिवस आमच्या पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, "गॅरेजवाल्यांची लूट ओळखा, स्टिअरिंग-सस्पेन्शनचे हजारो रुपये वाचवा". निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना पाठवून झालाय. मी गप्प बसलो असतो, पण खानापूरच्या मामांनी त्यातला पहिला उपाय स्वतःच्या गाडीला केला आणि तीच गाडी घेऊन मामींना बसवून चोर्ला घाटातून गोव्याला निघायची तयारी केली, मग मात्र डोकं फिरलं.

मेसेज थोडक्यात असा. बॉल जॉइंटचा किंवा टाय रॉड एंडचा (स्टिअरिंग आणि चाक जोडणारा सांधा) रबरी बूट, म्हणजे वरची टोपी, फाटला तर आत ग्रीस भरा, वरून सायकलची ट्यूब गुंडाळा, जॉइंट आयुष्यभर टिकतो, आवाज नाही म्हणजे धोका नाही. स्टिअरिंग थरथरलं किंवा एका बाजूला ओढलं तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं की झालं. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल कमी झालं तर ब्रेक ऑइल ओता. शॉकअप गळले तरी बदलू नका. गाडी खाली घासत असेल तर स्प्रिंगमध्ये रबर बसवा.

माझं बेळगावात स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळं हा पार्ट खपवायला लिहितोय असं कुणी म्हणेल. म्हणा. पण आधी वाचा.

बूटचंच आधी घेतो कारण जीव जाणार तो त्यातच. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला स्टीलचा गोळा, मधे ग्रीस, आणि ते ग्रीस आत राहावं, पाणी-माती बाहेर राहावी म्हणून वरून रबरी बूट. तो फाटला की जांबोटी-कणकुंबीकडचा एक पावसाळा पुरतो, लाल चिखल आत जातो. मामांच्या गाडीची ट्यूब सोडली तेव्हा आतलं ग्रीस तांबडं झालेलं, बोटावर चोळलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरत होतं, आणि तेच गोळ्याला आणि वाटीला रोज घासत होतं. मामा म्हणतात, "आवाज बंद झालाय की रे, मग आता काय हाय त्यात?" अहो मामा, जाड ग्रीस ठासून भरलं की आवाज दबतो, झीज थांबत नाही. म्हणजे धोका सांगणारी एकच गोष्ट होती तीही त्या मेसेजनं बंद करून टाकली!

आणि जॉइंट निसटला तर काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. टाय रॉड एंड सुटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, तुम्ही डावीकडं वळवा नाहीतर उजवीकडं, ते त्याला वाटेल तिकडं जातं. लोअर आर्मचा, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा, बॉल जॉइंट सुटला तर चाक खालच्या बाजूनं बाहेर फेकलं जातं, गाडी त्या कोपऱ्यावर बसते, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्टसुद्धा निसटतो. हे चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या वळणावर झालं तर?

माझ्यावर विश्वास नको, कायदा बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, त्यातला नियम 98. स्टिअरिंग चांगल्या स्थितीत असलं पाहिजे, स्टिअरिंग व्हीलवर 30 अंशांपेक्षा जास्त मोकळा प्ले (ढिलेपणा) नको, स्टिअरिंगच्या जोडणीतले सगळे बॉल जॉइंट रबरी टोपीनं झाकलेले पाहिजेत आणि जिथं बोल्ट-पिन आहेत तिथं ते नीट लॉक पाहिजेत. गाडी बेळगावची केए 22 असो, चिक्कोडीची केए 23 असो नाहीतर कोल्हापूरची एमएच 09, नियम एकच. म्हणजे मेसेज ज्याला लूट म्हणतोय ती कायद्यानं सांगितलेली गोष्ट आहे. आणि 30 अंश ही शेवटची हद्द, आजच्या लहान गाडीत तिथपर्यंत वाट बघायची नसते.

बघायचं कसं तेही सांगतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर कुणीही खाली जाऊ नये. चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हलवा, टकटक लागलं तर टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड (त्याच दांड्याचा स्टिअरिंग रॅककडचा सांधा) गेलाय. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलाय. लोअर जॉइंटचा प्ले हातानं नेहमी कळत नाही, तिथं मेस्त्रीला टॉमी (लोखंडी पहार) लावून बघू दे. नवीन जॉइंट बसवताना नट अडकवणारी स्प्लिट पिन नवीनच घाला, आणि भोक जुळत नसेल तर नट जरासा अजून आवळायचा, सैल करून जुळवायचा नाही.

एक मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. बूट नुकताच फाटलाय, ग्रीस स्वच्छ आहे, प्ले अजिबात नाही, तर काही गाड्यांना नुसता बूट मिळतो, तो बदलून भागतं. पण बूट, ट्यूब नव्हे.

अलाइनमेंटचं म्हणाल तर हायवेला ऐंशी-नव्वदच्या पुढं स्टिअरिंग थरथरतंय तर बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सिंगचा (वजन सगळीकडं सारखं असण्याचा) प्रश्न असतो, ब्रेक मारताना थरथरतंय तर डिस्क बघा, ओढतंय तर आधी टायरची हवा बघा. आणि जॉइंटमध्ये प्ले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे पाण्यात, पुढच्या खड्ड्यात परत बिघडतं.

ब्रेक ऑइलवाला सल्ला तर डोकं न वापरता लिहिलाय. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल वेगळं, त्याची सीलही वेगळ्या रबराची, ती खराब होतात आणि मग रॅक गळायला लागतो. त्यात आता बहुतेक लहान गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं, मामांच्याही गाडीला तेच आहे, तिथं ऑइलची टाकीच नसते, बॉनेटखाली दिसते ती छोटी टाकी ब्रेकची. उद्या कुणी तिलाच स्टिअरिंगची टाकी समजून त्यात स्टिअरिंगचं ऑइल ओतलं तर ब्रेकची रबरं फुगून ब्रेकच जातील.

शॉकअप नुसता ओलसर दिसला तर घाबरू नका, तेल ओघळत असेल तर तो गेला, एका ॲक्सलचे दोन्ही बदला. स्प्रिंगमधल्या रबरानं स्प्रिंग कडक होते, शॉकअप तेवढा नसतो, गाडी उसळते.

गॅरेजवाले कधीकधी लुटतात हे मात्र खोटं नाही. लिंक रॉड या छोट्या पार्टचा आवाज असतो आणि सगळं सस्पेन्शन बदला म्हणतात, टाय रॉड एंड गेलेला असतो आणि अख्खा स्टिअरिंग रॅक बदला सांगतात. त्यावर उपाय आहे. गाडी वर असतानाच प्ले कुठं आहे ते तुमच्या हाताला दाखवायला लावा, जो पार्ट हलतो तेवढाच बदला. जुना जॉइंट मागून घ्या, नवीन जॉइंटचा स्टड (बाहेर आलेला दांडा) जोर लावल्याशिवाय हलत नाही, गेलेल्याचा आपल्या वजनानं लटकतो. टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करून त्याचा प्रिंट घ्या, आणि मग पैसे द्या.