इनडेफिनिटली म्हणजे 'नक्की नाही' नव्हे!

गेल्या वर्षी आमच्या आण्णांना स्टेंट बसवला. डिस्चार्ज कार्डवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या होत्या, क्लोपिडोग्रेलपुढं १२ महिने असं लिहिलेलं आणि अ‍ॅस्पिरिनपुढं 'कंटिन्यू इनडेफिनिटली'. आण्णांनी अर्थ लावला, डेफिनेट म्हणजे नक्की, मग इनडेफिनिटली म्हणजे नक्की नाही, घेतली तर घेतली नाहीतर राहिली. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर सकाळी बरोबर फिरणाऱ्या दोस्तांनी पण तसंच सांगितलं म्हणे. तीन महिन्यांनी मी सहज औषधाचा डबा उघडला तर अ‍ॅस्पिरिनच्या १४ गोळ्यांच्या पाकिटात ९ गोळ्या तशाच! पोटात गोळाच आला माझ्या.

तसंच गाडीवर बसवून नेलं, डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं पण ते म्हणाले ही गोळी मी थांबवा म्हणेपर्यंत रोज घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही.

तर इनडेफिनिटली म्हणजे शेवटची तारीख ठरवलेली नाही, एवढंच. आपल्याकडं याला अगदी चपखल शब्द आहे, बेमुदत. दसरा चौकात मांडव पडला की फलकावर असतंयच की, बेमुदत ठिय्या आंदोलन, ते वाचून कोण म्हणत नाही की हे बसतील किंवा बसणार पण नाहीत. आणि हे आता कायमचे इथंच राहणार असं पण कोणाला वाटत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ चा संप असाच बेमुदत, तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कायमचं म्हणायचं असेल तर इंग्रजीत परमनंटली आहे, फॉरएव्हर आहे, फॉर गुड आहे (यातल्या गुडचा चांगल्याशी काही संबंध नाही).

उलटी चूक पण होते. भाच्याला कंपनीचा मेल आला, जॉइनिंग इनडेफिनिटली पोस्टपोन्ड, आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की नोकरी गेली, पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. अरे, रद्द झालं असतं तर कॅन्सल्ड लिहिलं असतं ना! संसदेचं कामकाज 'सायनी डाय' तहकूब होतं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दिवसाविना, पुढच्या बैठकीचा दिवस न ठरवता, म्हणून काय संसद बंद पडते का?

पण मेलचं एक वेळ चालेल, औषधाचं नाही चालत. डॉक्टर लोकांना हात जोडून विनंती आहे, तो इंग्रजी शब्द लिहा पण त्याच्याखाली एक ओळ मराठीत लिहा, 'आम्ही सांगेपर्यंत रोज'. आण्णांच्या कार्डवर मी ते लाल पेनानं लिहिलंय, डब्याच्या झाकणावर पण चिकटवलंय.