घाम जातो कुठं?

लग्नाच्या जेवणात माझी ओळख "हे आमचे परग्रहवाले" अशी करून देण्यात आली. करून देणारे मुलीचे मामा. माणूस वाईट नाही, त्यांना त्याच वेळी दीडशे पाहुण्यांना आइस्क्रीमच्या काउंटरकडे वळवायचं होतं. पण "हे विज्ञानकथा आणि फँटसीच्या पुस्तकांची परीक्षणं लिहितात" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या शेजारी उभ्या गृहस्थांची ओळख मात्र "पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त, सगळे अण्णा म्हणतात" अशी साग्रसंगीत झाली. मामा गर्दीत दिसेनासे झाले आणि मठ्ठ्याच्या ग्लासांसकट आम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला आलो.

"परग्रहवाले म्हणजे ज्योतिष का?"

"नाही. विज्ञानकथा, फँटसी. पुस्तकं वाचून त्यांवर लिहितो, लोकांना सुचवतो."

"म्हणजे खोट्या गोष्टी."

"गोष्टी म्हटलं की—"

"आणि त्यातल्या कुठल्या चांगल्या खोट्या, ते तुम्ही ठरवता. पैसे किती मिळतात?"

"पुस्तक मिळतं."

"ठेवून घ्यायचं?"

"हो."

"मग बरंय. आम्हाला डायरी मिळायची." त्यांनी मठ्ठ्याचा घोट घेतला आणि ज्याची मला धास्ती असते ते वाक्य टाकलं. "एखादं सुचवा की."

या वाक्यानं फार माणसं वाचनातून उठली आहेत. सुचवणारा आपलं आवडतं पुस्तक सांगतो, विचारणारा ते विकत आणतो, चाळीस पानं वाचतो आणि पुढं आयुष्यभर "ते परग्रहाचं आपल्याला झेपत नाही" असं सांगत फिरतो. म्हणून पहिला नियम असा, की "तुम्हाला काय आवडतं?" हे विचारायचंच नाही. उत्तर "काहीही चालतं" असं येतं आणि त्यांना काहीही चालत नसतं. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कुठलं ते विचारायचं. मग अर्धवट सोडलेलं कुठलं आणि कितव्या पानावर सोडलं, ते. या दुसऱ्या उत्तराचा उपयोग पहिल्यापेक्षा जास्त. नावांच्या गर्दीत हरवून विसाव्या पानावर सोडणाऱ्याला नकाशा आणि वंशावळ असलेली फँटसी द्यायची नाही. दोनशेव्या पानावर कंटाळून सोडणाऱ्याला मालिका द्यायची नाही.

तिसरा प्रश्न, वाचता कुठं? लोकलमध्ये वाचणाऱ्याला कथासंग्रह द्यावा. विज्ञानकथा-फँटसीला मिळणाऱ्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या हिशेबात साडेसात हजार शब्दांच्या आतली ती लघुकथा. मिनिटाला दोनशे शब्दांच्या वेगानं ती पाऊण तासाच्या आत संपते, म्हणजे ठाण्याला बसलेला माणूस सीएसएमटीला सुटा होऊन उतरतो. साडेसतरा ते चाळीस हजार शब्दांची लघुकादंबरी एका रविवारात बसते. विज्ञानकथेचा खरा जीव याच दोन लांब्यांमध्ये आहे, पण दुकानदार दाखवतो ते उशीएवढे ठोकळे.

तर मी अण्णांना विचारलं, "शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कुठलं?"

"सबमर्सिबल पंपाचं मॅन्युअल. गावी बोअर मारली ना."

"आवडलं?"

"शेवटची पानं उत्तम होती. काय बिघडलं तर काय करायचं, ती."

इथं माझी कळी खुलली, नाकारून काय उपयोग! मी म्हणालो, "अण्णा, तुमच्यासाठी फ्रँक हर्बर्टची 'ड्यून'. वीसहून जास्त प्रकाशकांनी परत पाठवलेली कादंबरी. शेवटी १९६५ मध्ये छापली कुणी, तर चिल्टननं. मोटारदुरुस्तीची मॅन्युअलं छापण्याबद्दल प्रसिद्ध असलेली कंपनी."

"चिल्टन म्हणजे दर्जा," अण्णा म्हणाले. ही पहिली आणि शेवटची शाबासकी. "विषय काय?"

"पाणी."

अण्णांनी ग्लास टेबलावर ठेवला.

मी रंगात आलो. एक अख्खा वाळवंटी ग्रह, पाऊस माहीतच नाही. हवेतला ओलावा धरणारे सापळे, जमिनीखाली पिढ्यान् पिढ्या साठवलेलं पाणी, आणि एक अजब कपडा. अंगाला घट्ट बसणारा सूट, जो घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं गाळून परत प्यायला देतो. नीट बसवला तर दिवसाला अंगुस्तानभर ओलावासुद्धा बाहेर जात नाही.

"पंप कशावर चालतो?"

"शरीराच्या हालचालींवर. चालणं, मुख्य म्हणजे श्वास."

"टाचेपासून तोंडापर्यंत हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, दीड मीटर. किरकोळ आहे. गाळण?"

"थर आहेत. क्षार वेगळे काढतात."

"गाळ काढायची सोय असेलच. बरं," अण्णांनी जवळ येऊन आवाज खाली आणला, "घाम जातो कुठं?"

"पिशवीत."

"पाणी पिशवीत गेलं. उष्णता?"

मागं सनईवाला थांबला होता, त्यामुळं हा प्रश्न बऱ्याच लोकांना ऐकू गेला.

"घाम येतो तो गार वाटावं म्हणून नव्हे, सुकावा म्हणून," अण्णा समोरच्या जिलेबीला उद्देशून बोलू लागले. "सुकताना उष्णता घेऊन जातो. लिटरमागं चोवीसशे किलोज्यूल धरा. उन्हात राबणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. म्हणजे साडेसहाशे वॅट. ती वाफ तुम्ही सुटातच पुन्हा पाणी केलीत, की घेतलेली सगळी उष्णता तिथंच परत. माणूस शिजेल."

"लेखकानं उष्णता-विनिमयाचे तंतू दिलेत मधल्या थरात."

"विनिमय कुणाशी? बाहेर पंचेचाळीस अंश, आत सदतीस. उष्णतासुद्धा उतार बघूनच वाहते हो. चढावर न्यायची तर यंत्र पाहिजे आणि यंत्राला वीज पाहिजे. टाचेवर नाही भागत ते."

आता माझं दुखणं सांगतो. हा आक्षेप मला ठाऊक होता. या कादंबरीवर मी लिहिलं तेव्हा याच मुद्द्यावर दोन परिच्छेद होते, आकड्यांसकट. संपादकांनी ते कापले, "वाचकाला जड होईल" म्हणून. मोकळ्या झालेल्या जागेत मुखपृष्ठाचा फोटो मोठा केला, खाली पृष्ठसंख्या आणि किंमत टाकली आणि शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, "संग्रही असावे असे पुस्तक." माझ्या नावाखाली! आणि तो जड वाचक इथं एका हातात जिलेबी घेऊन माझी उलटतपासणी करत होता.

"म्हणजे पुस्तक चुकीचंच की," अण्णांनी निकाल दिला.

"नाही. विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट लेखकाला माफ असते. एकच. ती सुरुवातीला मागून घ्यायची. पुढचा हिशेब मात्र पैशापैशानं जुळला पाहिजे."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हणजे आकस्मिक खर्च. आम्हीही अंदाजपत्रकात टाकतो. तीन टक्के, फार तर पाच. त्याच्यातून अख्खं धरण बांधलं की ऑडिट येतं."

मी इतकी वर्षं परीक्षण कसं करावं यावर बोलतो, लिहितो, पण याहून बरी व्याख्या मला कुठं मिळालेली नाही. ती एका माणसानं जिलेबी खाता खाता फुकट दिली आणि वर "तुम्हाला माहीत असेलच म्हणा" असंही म्हणाला. राग येणार नाही तर काय!

पण ऑडिट म्हणजे काय, ते आमच्यातल्या पुष्कळांना कळत नाही. प्रकाशापेक्षा जलद जाणारं यान दिसलं की परीक्षक "हे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य" असं तावातावानं लिहितो. अरे, तो आकस्मिक खर्च आहे, मंजूर करून पुढं जा. तपासायचं ते छोट्या रकमांत. मंगळावरचा नवरा आणि पृथ्वीवरची बायको भांडताहेत आणि ती त्याचं वाक्य मध्येच तोडते, तिथं लाल रेघ मारायची. मंगळापर्यंत प्रकाश पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात, उत्तर यायला त्याच्या दुप्पट. तिथं शब्दानं शब्द वाढूच शकत नाही. ज्या लेखकाला हे कळतं तो त्या थांबण्यातून कथा काढतो. ज्याला कळत नाही तो मोबाइलवरचं भांडण लिहितो आणि खिडकीबाहेर तांबडी माती दाखवतो. चंद्रावर वजन एक षष्ठांश, हे पहिल्या पानावर सांगून पाचव्या पानावर नायक खुर्चीत धपकन बसला, तरी लाल रेघ.

फँटसीला हे नियम लागू नाहीत असं समजणारे अजून थोर. तिथं भौतिकशास्त्राच्या जागी किंमत तपासायची. मंत्र म्हटल्यावर म्हणणाऱ्याचं काय जातं? आयुष्य, स्मरणशक्ती, झोप, काहीतरी गेलं पाहिजे. फुकटचा मंत्र कथा मारतो. दुसऱ्या प्रकरणात तुटलेला हात मंत्रानं जोडलात, तर दहाव्या प्रकरणात म्हाताऱ्या राजाला तापानं मरू देऊ नका. वैद्यबुवा कुठं गेले होते, हे वाचक विचारणारच.

बरं, एवढं तपासून लिहावं तर भाषा आडवी येते. मराठीत परीक्षणाचा एक तयार साचा आहे. पुस्तक "वाचकाला खिळवून ठेवतं", "अंतर्मुख करतं", लेखक "ताकदीनं" लिहितो, आणि "मुद्रणदोष थोडे खटकतात." नाव बदला, कुठल्याही पुस्तकाला बसतं. विज्ञानकथेच्या परीक्षणात पहिल्या दोन वाक्यांत एवढंच हवं: या जगात आपल्यापेक्षा वेगळी गोष्ट कोणती, आणि तिच्यामुळं कुणाची अडचण होते. हे दोन वाक्यांत लिहिता आलं नाही, तर दोष पुस्तकात असतो किंवा परीक्षकानं पुस्तक वाचलेलं नसतं. दुसरी शक्यता जास्त.

रहस्य फोडण्यावरून तर रोज कुणी ना कुणी अंगावर येतं. साधारण पहिल्या चतुर्थांशापलीकडचं सांगू नये, हा माझा नियम. पण 'ड्यून'चंच घ्या. घरभेदी कोण, हे दुसऱ्याच प्रकरणात शत्रू स्वतःच्या तोंडानं सांगतो. लेखकाला वाचकाची उत्सुकता त्या नावात नकोच आहे. सगळं आधी कळूनही ते टळत नाही, यातला ताण हवा आहे. हे मी लिहिलं, तर एका वाचकानं "पुस्तकाचा सत्यानाश केलात" म्हणून खरमरीत पत्र धाडलं. पत्रात पुढं चित्रपटाचा शेवट सविस्तर दिला होता.

आणखी एक रोग म्हणजे नाव बघून मार्क. यावर मराठीत फार आधीच औषध सापडलं आहे. १९७४ च्या सुमारास मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या नावाच्या माणसानं परीक्षकांना एवढी मोकळीक दिली. आता छोट्या नावाची माणसं पुस्तकाबरोबर स्वतःच लिहिलेलं परीक्षण जोडून पाठवतात, "आपल्या सोयीसाठी."

अण्णांचं काय झालं म्हणाल, तर त्यांनी पुस्तकाचं नाव पत्रिकेच्या मागं टिपून घेतलं आणि विचारलं, "पुढचे भाग आहेत?" आहेत, हर्बर्टनं स्वतः एकूण सहा लिहिले. पण पहिला आपल्या पायावर उभा आहे, तिथं थांबलात तरी चालतं, आणि मागं शब्दकोश आहे, पहिली शंभर पानं तिथं बोट ठेवून वाचा. हे सगळं मी बोललो. त्यांचा नातू म्हणाला, "आजोबा, त्याचा पिक्चर आहे, वाळूत किडे असतात." "मग आधी सांगायचं ना," असं अण्णा मला म्हणाले आणि पानसुपारीकडे गेले.

मालिकांचा क्रम हे तर वेगळंच जळतं घर. आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' वाचायची तर १९५१, ५२ आणि ५३ ची तीन पुस्तकं आधी, मग १९८२ आणि ८६ ची. कथानकात सर्वांत आधी घडणारी दोन त्यानं सगळ्यांत शेवटी लिहिली आणि ती आधीचं सगळं माहीत असलेल्यांसाठी आहेत. तिथून सुरुवात केलीत तर मूळ पुस्तकांतले धक्के बसतच नाहीत. हे मी जमेल तिथं सांगतो, आणि माणसं कथानकाच्या क्रमानं वाचून मला सांगायला येतात की "एवढं काही खास नाही." वाचनालयात तर हटकून दुसराच भाग असतो. पहिला कुणीतरी नेलेला, तिसरा घेतलेलाच नाही. तो दुसरा आहे हे कळतं चौथ्या पानावर, बारीक टायपात. मुखपृष्ठावर एक आकडा छापायला सुपारीएवढी जागा लागते. ती आहेही, पण तिथं सध्या "आता भव्य चित्रपट" असं लिहिलेला एक लाल गोळा असतो, आणि तो खरवडूनही निघत नाही.